सर्पगंधेची मुळी आणि मनाचे रसायन

‘मेंदूतले केमिकल कमी झाले आहे’ हे वाक्य आता आपल्या घराघरांतून ऐकू येते. डॉक्टर ते रुग्णाला सांगतात, रुग्णाचे आप्त ते शेजाऱ्यांना सांगतात, आणि सांगणाऱ्याला व ऐकणाऱ्याला दोघांनाही त्याने थोडे हायसे वाटते. ज्या दुखण्याला पूर्वी बाहेरची बाधा म्हणत, ज्यासाठी रुग्णाला गाणगापूरला किंवा जवळच्या देवऋषाकडे नेत, किंवा ज्याला नुसते मनाचे दुबळेपण म्हणून हिणवीत, त्या दुखण्याला आता रसायनाचे नाव मिळाले. हा पालट आम्ही हिताचाच समजतो. परंतु हे वाक्य आले कोठून, ते प्रथम कोणत्या पुराव्यावर उभे राहिले आणि तो पुरावा कितपत भक्कम होता, याचा माग घेऊ लागले की हकिगत आपल्याच भूमीत येऊन पोहोचते. मेंदूतील द्रव्ये आणि मनाची अवस्था यांचा संबंध ज्या पदार्थांनी प्रथम प्रयोगशाळेत दाखवून दिला, त्यांपैकी एक प्रमुख पदार्थ सर्पगंधेच्या मुळीतून निघाला होता. या मुळीने विज्ञानाला पुष्कळ दिले. तिच्याच आधाराने एक अर्धाकच्चा सिद्धांतही रूढ झाला. पहिली गोष्ट आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते. दुसरी सहसा कोणी सांगत नाही.

सर्पगंधा हे हात-दीड हात उंचीचे झुडूप. पाने बहुधा तीन-तीनच्या वेढ्यांत, फुले पांढरी व त्यांचे देठ लालसर, फळे पिकली की काळपट जांभळी. हिमालयाच्या पायथ्यापासून सह्याद्रीच्या ओलसर जंगलांपर्यंत ते आढळते. मराठीत त्याला अडकई, हरकी अशी नावे आहेत आणि मुंगूसवेल असेही म्हणतात. हे शेवटचे नाव एका जुन्या समजुतीची आठवण करून देते : सापाशी झुंजण्यापूर्वी मुंगूस या झाडाचा आधार घेते, म्हणून त्याची मुळी सर्पविषावर उतारा. ही समजूत गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या कानांवरही गेली होती. १५६३ साली गोव्यातच छापल्या गेलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात सिंहलद्वीपातील ‘सापाच्या लाकडा’चे आणि मुंगसाचे वर्णन आहे, आणि त्यांतील एक वनस्पती म्हणजे सर्पगंधाच असावी असे अनेक अभ्यासकांनी मानले आहे. पुढे युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी या कुळाला लिओनहार्ट राउवोल्फ या सोळाव्या शतकातील जर्मन वैद्याचे नाव दिले. हा गृहस्थ पश्चिम आशियात हिंडला खरा, पण हिंदुस्थानात कधी आलाच नाही. नामकरणाचा न्याय हा असा असतो.

सर्पविषाची ख्याती सर्वत्र होती, पण मनोविकारांसाठी या मुळीचा वापर प्रामुख्याने बिहार-बंगालच्या लोकवैद्यकात होता. तिकडच्या बाजारांत ती ‘पागल की दवा’ या नावानेच विकली जाई, आणि रडणाऱ्या मुलाला झोप यावी म्हणून आयाही ती वापरीत. आपल्याकडे कोणताही आधुनिक शोध निघाला की तो चरक-सुश्रुतांत होताच असे म्हणण्याची चढाओढ लागते. सर्पगंधेचे नाव प्राचीन ग्रंथांत येते, हे खरे. परंतु तेथे उन्मादावरील प्रमुख औषध म्हणून तिचा गौरव झालेला नाही. हे ज्ञान टिकवले ते पोथ्यांनी नव्हे, तर गावोगावच्या वैदू-जाणत्यांनी, ज्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत.

१९३१ हे या कथेतील पहिले महत्त्वाचे वर्ष. त्या एका वर्षी दोन ठिकाणी स्वतंत्रपणे काम झाले. दिल्लीच्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बी महाविद्यालयात सलीमुझ्झमान सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी मुळीतून पाच अल्कलॉइडे वेगळी केली. सलीमुझ्झमान जर्मनीत शिकून आलेले रसायनज्ञ. त्यांना या कामाकडे वळविणारे हकीम अजमल खान १९२७ मध्ये निवर्तले होते. म्हणून त्या द्रव्यांपैकी एकाला त्यांनी ‘अजमलिन’ हे नाव दिले. हृदयाच्या ठोक्यांच्या एका आनुवंशिक विकाराचे निदान करण्यासाठी अजमलिन आजही युरोपात वापरले जाते. परंतु मन शांत करणारे द्रव्य या पाचांत नव्हते. ते मुळीच्या राळेसारख्या चिकट भागात दडलेले होते.

त्याच वर्षी कलकत्त्यात कविराज गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी ‘इंडियन मेडिकल वर्ल्ड’ या नियतकालिकात एक लेख प्रसिद्ध केला. मुळीचे चूर्ण २० ते ३० ग्रेन दिवसातून दोनदा दिले असता झोप येते, रक्तदाब उतरतो आणि उन्मत्त रुग्णाचा हिंसक आवेग ओसरतो, असे त्यांचे निरीक्षण होते. आजच्या दृष्टीने पाहिले तर येथे सारे आले : औषध, मात्रा, परिणाम. तरीही जगाने या लेखाकडे वीस वर्षे ढुंकून पाहिले नाही. परकीय राज्यकर्त्यांचा तुच्छताभाव एवढेच कारण आम्हांला पुरेसे वाटत नाही. त्या लेखात निरीक्षण होते, पण तुलना नव्हती. इतके रुग्ण, इतके दिवस, आधी अमुक आणि नंतर तमुक, असा आकड्यांचा हिशेब नव्हता. वेडाचा आवेग मोजणार तरी कशाने?

रक्तदाब मात्र मोजता येतो. पारा किती मिलिमीटर चढला हे कोणाही डॉक्टरला सारखेच दिसते. म्हणूनच मनाच्या औषधाला जगात वाट मिळाली ती हृदयरोगतज्ज्ञाच्या दारातून, आणि ते दार मुंबईत उघडले. डॉ. रुस्तम जाल वकील यांचा जन्म मुंबईचा, १९११ सालचा. वैद्यकीय शिक्षण लंडनला. कर्मभूमी परळचे के. ई. एम. रुग्णालय. रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधा देऊन त्यांनी नोंदी ठेवल्या आणि पन्नास रुग्णांवरील त्या नोंदी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केल्या. लेख सहा पानांचा. त्यात दाव्यांचा आव नाही, स्वदेशीची गर्जना नाही. फक्त औषधापूर्वीचे आणि औषधानंतरचे आकडे. या सहा पानांनी जे केले ते आधीच्या सगळ्या प्रशस्तीने झाले नव्हते. पुढे १९५७ मध्ये अमेरिकेतील प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार वकिलांना मिळाला. तो मिळविणारे ते पहिले भारतीय. १९५८ मध्ये पद्मभूषणही मिळाले. १९७४ साली ते वारले. आज मुंबईतल्या किती वैद्यकीय विद्यार्थ्यांना त्यांचे नाव सांगता येईल, याची आम्हांला शंका आहे.

वकिलांचा लेख वाचून बोस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी मुळीचा उपयोग सुरू केला. रक्तदाब तर उतरलाच. पण त्यांचे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेले. रुग्ण निवांत दिसू लागले. काळज्या त्याच होत्या, पण त्या पूर्वीसारख्या बोचत नव्हत्या. निजविणारी औषधे तेव्हाही होती, पण ती माणसाला गुंगीत ढकलीत; येथे जागेपणीच मन शांत होत होते. दरम्यान स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत म्युलर, श्लिटलर आणि बाइन या तिघांनी १९५२ मध्ये त्या राळेसारख्या भागातून हवे ते द्रव्य वेगळे केले आणि त्याला ‘रेसर्पीन’ म्हटले. जेथे मुळीचे चूर्ण ग्रॅमच्या हिशेबाने लागे तेथे आता मिलिग्रॅमचा अंश पुरू लागला. १९५६ मध्ये हार्वर्डच्या रॉबर्ट वुडवर्ड यांनी ते प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने घडवूनही दाखविले.

या कथेत बडोद्याचेही एक पान आहे. अहमदाबादचे डॉ. आर. ए. हकीम यांनी १९५३ मध्ये बडोद्याला भरलेल्या गुजरात-सौराष्ट्र प्रांतिक वैद्यकीय परिषदेत मनोविकारांवरील देशी औषधांसंबंधी निबंध वाचला. त्याची वार्ता थेट अमेरिकेपर्यंत गेली. न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड राज्य रुग्णालयातील डॉ. नेथन क्लाइन यांनी आपल्या १९५४ च्या शोधनिबंधात हकिमांच्या या निबंधाचा उल्लेख केलेला आहे. बडोद्यातील आमच्या वाचकांपैकी कोणाच्या संग्रही त्या परिषदेचे जुने कागद असतील, तर ते जपून ठेवण्याजोगे आहेत.

क्लाइन यांच्या प्रयोगाचे मोल कळायचे तर तेव्हाची मनोरुग्णालये डोळ्यांपुढे आणावी लागतात. १९५५ च्या सुमारास एकट्या अमेरिकेतील सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसे होती. इन्शुलिन देऊन बेशुद्ध करणे, विजेचे झटके, मेंदूच्या पुढच्या भागाची शस्त्रक्रिया, थंड ओल्या चादरींत गुंडाळणे हे उपचार होते, त्याखेरीज कुलूप. आपल्याकडे निराळे चित्र नव्हते. १९१२ चा भारतीय वेड-कायदा स्वातंत्र्यानंतरही चार दशके टिकला. त्याच्या जागी आलेला १९८७ चा कायदा प्रत्यक्ष अंमलात आला तो १९९३ मध्ये. सेवेच्या आरंभीच्या वर्षांत त्या जुन्या कायद्याखालचे दंडाधिकाऱ्यांचे दाखल-आदेश आमच्याही नजरेखालून गेले आहेत. त्या कागदांत माणूस आत कसा न्यायचा याचा तपशील बारकाईने असे. तो बाहेर कसा यायचा याविषयी फारसे काही नसे.

रॉकलंडमध्ये रेसर्पीन दिल्यावर कोठड्यांतील आरडाओरडा कमी झाला. त्या वेळची एक गोष्ट पुढे बरीच सांगितली गेली : औषध चालू असलेल्या विभागात फुटलेल्या काचा बसविण्याचे काम घटले आहे, हे प्रथम डॉक्टरांच्या नव्हे, तर रुग्णालयाच्या काचा बसविणाऱ्या कारागिराच्या ध्यानात आले. आम्हांला ही गोष्ट आवडते. तापमापकासारखे साधन नसताना फुटक्या काचांच्या संख्येने मनाच्या अवस्थेची मोजदाद केली. पॅरिसमध्ये १९५२ पासून क्लोरप्रोमाझिन हे दुसरे औषध असाच परिणाम दाखवीत होते. १९५७ च्या लास्कर पुरस्कारात वकिलांबरोबर क्लाइन आणि क्लोरप्रोमाझिनचे प्रवर्तकही होते.

औषध चालते हे कळले. ते कसे चालते हे कळले नव्हते. यानंतरचा भाग वॉशिंग्टननजीक बेथेस्डा येथील राष्ट्रीय हृदय संस्थेत घडला. पुन्हा हृदयाचीच संस्था, हे ध्यानात घ्यावे. तेथे बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत अतिसूक्ष्म प्रमाणातील द्रव्ये त्यांच्या प्रकाशावरून मोजण्याचे नवे यंत्र आले होते. मेंदूत सेरोटोनिन नावाचे द्रव्य असते हे १९५३ मध्येच दिसून आले होते. १९५५ मध्ये प्लेचर, शोर आणि ब्रॉडी यांनी सशांना रेसर्पीन टोचून त्यांच्या मेंदूतील सेरोटोनिन मोजले, तेव्हा ते जवळजवळ नाहीसे झाल्याचे आढळले. औषध दिले, वर्तन बदलले आणि मेंदूतील एका विशिष्ट द्रव्याचे प्रमाणही बदलले, ही साखळी आकड्यांनिशी प्रथमच हाती आली. मनाविषयी बोलताना आता ग्रॅमचे दशलक्षांश भाग सांगता येऊ लागले.

याची क्रिया थोडी समजून घेऊ. एका चेतापेशीकडून दुसरीकडे संदेश जातो तो द्रव्यांच्या मार्फत. ही द्रव्ये पेशीच्या टोकाशी सूक्ष्म थैल्यांत साठविलेली असतात. धान्याचे कोठारच म्हणा. संदेशाची वेळ आली की थैली उघडते, द्रव्य पलीकडे जाते, काम होते, आणि उरलेले द्रव्य पुन्हा आत ओढून घेतले जाते. रेसर्पीन त्या थैल्यांत माल भरण्याची वाटच बंद करते. थैलीबाहेर राहिलेले द्रव्य पेशीतले एक विकर नष्ट करून टाकते. परिणामी कोठारे रिकामी पडतात आणि ती पुन्हा भरायला पुष्कळ दिवस लागतात.

ब्रॉडींच्या प्रयोगशाळेत त्या सुमारास स्वीडनचे अर्विद कार्लसन काही महिने शिकायला आले होते. सेरोटोनिनखेरीज दुसरी द्रव्येही रिकामी होत असतील, ती पाहावीत, असे त्यांना वाटले. ब्रॉडींना ते गरजेचे वाटले नाही. कार्लसन मायदेशी परतले आणि लुंड येथे त्यांनी ते काम हाती घेतले. रेसर्पीन दिलेले ससे कान पाडून निपचित बसत. त्यांना सेरोटोनिन ज्यापासून बनते ते द्रव्य दिले. ससे हलले नाहीत. मग डोपा नावाचे द्रव्य टोचले. थोड्याच वेळात कान उभे राहिले, ससे इकडेतिकडे फिरू लागले. १९५७ सालचा हा प्रयोग. डोपापासून मेंदूत डोपामीन बनते, आणि हालचालींचे नियमन करणारे तेच एक स्वतंत्र संदेशवाहक आहे, हे यातून उलगडत गेले. निपचित सशांत कंपवाताच्या रुग्णाची छाया दिसली. १९६० मध्ये व्हिएन्नाच्या ओलेह हॉर्निकेविच यांनी अशा रुग्णांच्या मेंदूत डोपामीन खरोखरच घटलेले असल्याचे दाखविले, आणि डोपा हे कंपवाताचे औषध झाले. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला. जाता जाता सांगायचे तर, हे डोपा आपल्या खाजकुहिलीच्या बियांत भरपूर असते. दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते १९३७ मध्येच त्या बियांतून वेगळे काढले होते.

कंपवाताच्या बाबतीत ‘द्रव्य कमी, म्हणून रोग, द्रव्य द्या, रोग हटेल’ हा हिशेब बराचसा जुळला. कदाचित त्यामुळेच तो नैराश्यालाही लावण्याचा मोह पडला असावा. त्यासाठी पुरावाही चालून आला. रक्तदाबासाठी रेसर्पीन घेणाऱ्या काही रुग्णांना दीर्घकाळ मोठ्या मात्रेनंतर खोल नैराश्य आले, असे १९५४ पासून अमेरिकी डॉक्टर नोंदवू लागले. दुसरीकडे क्षयरोगावरील इप्रोनियाझिड या औषधाने न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयातील खंगलेल्या रुग्णांना विलक्षण उत्साह आला होता. हे औषध वर सांगितलेल्या विकराला अडविते, म्हणजे द्रव्ये नष्ट होऊ देत नाही. १९५७ मध्ये क्लाइन यांनीच ते नैराश्यावर वापरले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगनच्या रोलंड कून यांनी इमिप्रामिनचा गुण प्रसिद्ध केला. ते वापरलेले द्रव्य परत आत ओढले जाणे रोखते, हे नंतर ज्युलियस ॲक्सेलरॉड यांच्या कामातून स्पष्ट झाले. आता मांडणी किती सुबक झाली पाहा. रेसर्पीन कोठार रिकामे करते, माणूस खचतो. इप्रोनियाझिड आणि इमिप्रामिन द्रव्य शिल्लक ठेवतात, माणूस सावरतो. तेव्हा नैराश्य म्हणजे कोठारातील तूट. १९६५ मध्ये जोसेफ शिल्डक्राउट यांनी हा सिद्धांत नॉरॲड्रेनॅलिनला धरून मांडला. पुढे ॲलेक कॉपेन आदींनी सेरोटोनिनवर भर दिला. शिल्डक्राउट यांनी तो गृहीतक म्हणूनच, बऱ्याच आढेवेढ्यांसह मांडला होता. १९८७ मध्ये फ्लुओक्सेटिनला अमेरिकेत मान्यता मिळाली, औषधांच्या जाहिराती घराघरांत गेल्या, आणि ते आढेवेढे वाटेत कोठे तरी गळून पडले. उरले ते वाक्य : केमिकल कमी झाले आहे.

आता या मांडणीच्या पहिल्या पायरीकडे परत वळू. रेसर्पीनने नैराश्य येते, हे खरे काय? १९५५ मध्येच लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातील डेव्हिस आणि शेफर्ड यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली होती. चिंता आणि नैराश्य असलेल्या रुग्णांचे दोन गट पाडून एकाला रेसर्पीन, दुसऱ्याला औषधहीन गोळी. कोणाला काय हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरविलेले. मनोविकारांच्या क्षेत्रातील अशा रीतीच्या आरंभीच्या चाचण्यांपैकी ती एक. तिचा निष्कर्ष असा, की रेसर्पीन घेणारे रुग्ण खचले नाहीत. उलट त्यांना गुण आला. ही चाचणी जवळजवळ विस्मृतीत गेली. सुबक मांडणीत ती बसत नव्हती. पुढे २००३ मध्ये अमेरिकेतील ॲलन बॉमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी सारा जुना पुरावा पुन्हा चाळला. नैराश्य आले म्हणून नोंदलेल्या रुग्णांपैकी अनेकांना ते पूर्वीपासून होते, आणि कित्येकांचा मंदपणा व हालचालींतील जडपणा हाच नैराश्य म्हणून गणला गेला होता, असे त्यांना दिसले. म्हणजे ज्या मुळीच्या साक्षीवर सिद्धांताची एक भिंत उभी होती, ती साक्षच संशयास्पद होती.

अडचणी आणखीही होत्या. नैराश्यावरील गोळी घेतल्यावर द्रव्यांचे प्रमाण काही तासांत बदलते, पण मन सावरायला दोन-चार आठवडे जातात. निरोगी माणसांच्या आहारात फेरफार करून त्यांचे सेरोटोनिन तात्पुरते उतरविले तरी ती बहुधा खिन्न होत नाहीत. २०२२ मध्ये लंडनच्या जोआना मॉनक्रीफ यांच्या गटाने अनेक दशकांच्या संशोधनाचा आढावा प्रसिद्ध केला. सेरोटोनिनच्या तुटीमुळे नैराश्य येते याला सातत्यपूर्ण पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष. त्यावर वाद झाले, पद्धतीवर आक्षेपही आले. परंतु साधा तुटीचा हिशेब पुरेसा नाही, हे त्या वादातील दोन्ही बाजूंच्या बहुतेकांना मान्य होते.

येथे वाचक विचारील, आणि ज्यांच्या घरात अशा गोळ्या चालू आहेत तो तर नक्कीच विचारील : मग ही औषधे व्यर्थ आहेत काय? आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर सिद्धांतात शोधणेच चुकीचे आहे. ॲस्पिरिनने डोके थांबते ते शरीरात ॲस्पिरिनची तूट होती म्हणून नव्हे. औषध चालते की नाही हे रुग्णांवरील चाचण्या सांगतात. २०१८ मध्ये अँड्रिया चिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ रुग्ण यांची एकत्र तपासणी प्रसिद्ध केली. तपासलेली २१ ही औषधे तीव्र नैराश्यात औषधहीन गोळीपेक्षा सरस ठरली. सरसपणा मात्र माफक होता, आणि सर्वांना सारखा नव्हता. उन्माद-नैराश्याच्या आवर्तनांत लिथियमची उपयुक्तता जॉन केड यांनी १९४९ मध्येच दाखविली होती. ते नेमके कसे चालते याविषयी आजही एकमत नाही, आणि तरी त्याने असंख्य जीव वाचविले आहेत.

तुटीच्या भाषेने एक चांगले काम केले : दोष रुग्णाच्या स्वभावात नाही, हे घरच्यांना पटविले. पण तिने एक नुकसानही केले, ते आम्ही आमच्या परिचयातील घरांत पाहिले आहे. तूट एकदा भरली की गोळी संपली, अशी समजूत होते. दोन महिन्यांत बरे वाटू लागले की ‘आता केमिकल भरले असेल’ म्हणून गोळ्या परस्पर बंद केल्या जातात. या औषधांपैकी अनेकांना एकाएकी थांबविले तर चक्कर, निद्रानाश, अस्वस्थता उद्भवते आणि मूळ दुखणेही उलटण्याचा धोका असतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू उतरवीत न्यावी लागते. उलट टोकाला, सारे रसायनच आहे म्हणून कर्ज, वैधव्य, नोकरी जाणे, घरातला छळ यांकडे कोणी पाहतच नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा प्रत्येकाचा हक्क मानला आणि आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याकडे गुन्हेगार म्हणून नव्हे, तर तीव्र ताणाखालील व्यक्ती म्हणून पाहिले. कायद्याची ही भाषा आम्हांला ‘केमिकल’च्या भाषेपेक्षा अधिक शहाणी वाटते, जरी तिची अंमलबजावणी अजून तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचायची आहे.

सर्पगंधेचे पुढे काय झाले? मनोरुग्णालयांतून रेसर्पीन लवकरच मागे पडले. क्लोरप्रोमाझिन अधिक लवकर गुण देई, आणि नैराश्याची भीती रेसर्पीनला कायमची चिकटली होती. रक्तदाबासाठी ते काही दशके टिकले. तोवर मुळीच्या मागणीने झाड मात्र संकटात आले. मुळी काढायची म्हणजे झाडच उपटायचे, आणि जंगलात ते सावकाश वाढते. संकटग्रस्त वनस्पती व प्राणी यांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आता त्याचे नाव आहे. घरच्या घरी ही मुळी उगाळून घेण्याचा सल्ला देणारी पुस्तके अजून बाजारात दिसतात. रक्तदाब धोकादायक रीतीने उतरविणारी ही वस्तू आहे, एवढे त्यांच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे.

कोठार रिकामे करण्याची रेसर्पीनची युक्ती मात्र वाया गेली नाही. त्याच थैल्यांवर, पण अधिक अल्पकाळ आणि मुख्यतः मेंदूत काम करणारे टेट्राबेनाझिन हे औषध १९५० च्या दशकातच तयार झाले होते. हंटिंग्टनच्या विकारातील अनावर हालचालींसाठी त्याला २००८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. क्लोरप्रोमाझिन आणि त्याच्या वर्गातील औषधे वर्षानुवर्षे घेतल्याने काही रुग्णांच्या जिभेला, ओठांना, जबड्याला नकळत हिसके बसू लागतात, आणि या त्रासावर कित्येक दशके खात्रीचा इलाज नव्हता. २०१७ मध्ये त्यासाठी जी दोन औषधे तेथे मान्य झाली, ती दोन्ही टेट्राबेनाझिनच्याच घराण्यातील आहेत. रेसर्पीनला मनोरुग्णालयातून घालविणाऱ्या औषधांनी जी इजा केली, तिच्यावर आज जो इलाज आहे तो रेसर्पीनच्याच मार्गाने चालतो.